बदलीवरची बासरी

योगराजच्या घरातलं कॅलेंडर परक्या माणसाने पाहिलं, तर त्याला वाटावं की या घरात दर आठवड्याला कोणाचं तरी लग्न आहे. तारखांभोवती लाल गोल, गोलाशेजारी बारीक अक्षरात वेळ आणि वेळेखाली हॉलचं नाव. दहा तारखेला सतार, सतराला गझल, चोवीसला दोघा भावांची जुगलबंदी. सुरतेत कुठल्या सभागृहात कोण येणार, हे उधन्यातल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीला सगळ्यांत आधी कळायचं. पेपरातली जाहिरात, फोनवर फिरणारं पोस्टर, रिंगरोडच्या पुलाखाली चिकटवलेला कागद, काहीही योगराजच्या नजरेतून सुटत नसे.

आणि गेल्या अकरा वर्षांत यांतल्या एकाही कार्यक्रमाला तो गेलेला नव्हता.

त्याला कारण होतं. योगराज मगनशेठच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, आठ लूम म्हणजे यंत्रमाग सांभाळायचा. दिवसपाळी असली तर संध्याकाळी सातला सुटायची, रातपाळी असली तर संध्याकाळी सातला लागायची. आणि शहरातले सगळे गवई, वादक जणू आपसांत ठरवून साडेसहालाच सुरू करायचे. त्यामुळे योगराज कार्यक्रमाची वाट बघायचा आणि कार्यक्रम होऊन गेला की पुढच्याची वाट बघायचा. त्याची काही तक्रार नव्हती. वाट बघण्यातही एक गोडी असते आणि ती त्याला लागली होती. आठ मशिनींच्या खडखडाटात तो धागा जोडत उभा असायचा, पण मनाने कधीच तिसऱ्या रांगेत जाऊन बसलेला असायचा. अंधार होतोय, पडदा सरकतोय, कोणीतरी तंबोरा लावतंय. खात्यावर देखरेख करणारा मास्तर येऊन खांदा हलवायचा, तेव्हा कुठे स्वारी परत उधन्यात यायची.

"आते हाऊ कोणता लगीनना मुहूर्त?" पंचवीस तारखेभोवती दोन गोल दिसले, तेव्हा सुंदराने विचारलं.

"बासरी," योगराज म्हणाला.

बासरीच का, ते सुंदराला माहीत होतं. दिवाळीनंतर खात्यात कानांची तपासणी झाली होती. डॉक्टरांनी योगराजला सांगितलं होतं, "जाडे आवाज राहतील, बारीक स्वर हळूहळू जातील. सुरुवात झालीये." त्या दिवसापासून योगराजच्या कॅलेंडरवरची सतार मागे पडली, गझल मागे पडली. बासरी पुढे आली. बासरीचे वरचे स्वर कान शाबूत असताना, फोनमधून नाही, खऱ्या हवेतून एकदा ऐकायचे होते. एकदाच. एवढंच त्याचं मागणं होतं. आणि पंचवीसला जे पंडितजी येणार होते, त्यांच्याइतकी गोड बासरी देशात नाही असं योगराजचं मत होतं.

देव कोणाच्या रूपात येईल सांगता येत नाही. योगराजकडे तो मगनशेठच्या रूपात आला, ढेकर देत.

"आ ले," शेठने पंचवीसच्या बासरीचा, दोघांसाठीचा एक पास पुढे केला. "संगीत मंडळवाळा आपी गया. मने तो एमां ऊंघ आवी जाय छे, झोप. पण खुर्ची खाली दिसली तर त्यांना वाईट वाटेल. तू जा ना मारी बदलीमां."

योगराजने पास दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घेतात तसा.

"पण," शेठ म्हणाला, "मशीन बंद ना रहेवा जोईए."

म्हणजे बदली शोधायची. लूमवाल्यांच्या जगात रजा नावाची वस्तू नसते. बाप आजारी पडो, पोराचं बारसं असो, कारीगर रजा मागत नाही. आपल्या मशिनीवर आपल्यासारखा दुसरा उभा करतो आणि जातो. मशीन चालू, शेठ खूश. माणूस कोण आहे ते मशीन विचारत नाही.

योगराज लोटूकडे गेला. लोटू त्याच्याच मशिनींवर रातपाळीला असायचा. साडेतीन तास लवकर आला की काम झालं.

"तू जाय, मी संभाळसु," लोटू लगेच म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "पन पंचवीसले मन्ही सासू येई ऱ्हायनी. पाचनी गाडीवर. तिले लेवाले कोन जाई?"

लोटूच्या सासूचं नाव चंचलबाई. नावात काय असतं याचं उत्तर ज्यांना हवं असेल, त्यांनी या बाईंना एकदा जिना चढताना पाहावं. त्या शहाद्याहून येणार होत्या, त्याही खास कामाने. गल्लीतल्या वाल्मिकच्या मुलीचं लग्न त्यांच्या भाच्याशी ठरलं होतं आणि पंचवीसलाच सुपारी फुटायची होती. मुलाकडचे बाकीचे लोक सकाळीच जीपने येणार होते. पण चंचलबाईंना जीप लागते, म्हणून त्या रेल्वेने. मुलाची थोरली आत्या, त्यात कोणाची तरी सासू. अशा बाईला स्टेशनवर घ्यायला कोणी गेलं नाही, तर पुढची वीस वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

योगराज रिक्षावाल्या आनंदाकडे गेला.

"आणतो की सासूबाईंना," आनंदा म्हणाला. "वहिनींनाबी हॉलवर सोडतो. पण योगराजभाऊ, त्याच टायमाला मी वाल्मिकच्या घरी पंचात बसणार. पाच पंच लागतात सुपारीला. चार जणांवर कशी फुटंल?"

योगराज राघोभाऊंकडे गेला. राघोभाऊ म्हणजे पिकलेल्या मिशांचा, वजनदार शब्दाचा माणूस. पंच म्हणून आनंदापेक्षा सवाई.

"बसेन मी," राघोभाऊ म्हणाले, "पण मी वॉचमन आहे एका जागी. चार ते नऊ ड्यूटी. माझा ड्रेस घालून उभा राहणारा कोणी बघ."

योगराज धर्मेंद्रकडे गेला. धर्मेंद्रला त्या दिवशी काहीच काम नव्हतं, कारण धर्मेंद्रला कुठल्याच दिवशी काही काम नसे. तो हो म्हणाला. योगराज घरी आला आणि सुंदराच्या पुढ्यात बोटांवर मोजत सगळी साखळी म्हणून दाखवली. शेठच्या जागी मी, माझ्या जागी लोटू, लोटूच्या जागी आनंदा, आनंदाच्या जागी राघोभाऊ, राघोभाऊंच्या जागी धर्मेंद्र.

"एक बासरीनासाठे इतला माणसं?" सुंदरा म्हणाली. "इतलामा लंकाना पूल बांधाई जाता."

पण तिनेही ठेवणीतली साडी उन्हात घातली होती. त्या आठवड्यात योगराज जमिनीवर नव्हताच. दाढी करताना तो हवेत बोटं नाचवायचा. चहा गार व्हायचा. एकदा तर त्याने चालू लूमपुढे डोळे मिटून मान डोलावली. मास्तरने विचारलं, "चक्कर येते का?" तर म्हणाला, "नाही, आलाप चाललाय."

पंचवीस तारीख उजाडली. साडेतीनला लोटू डोळे चोळत खात्यात आला, मशिनींसमोर उभा राहिला. योगराज हात पुसून बाहेर पडला, तोच फोन वाजला.

"काका, पाय मुरगळला," धर्मेंद्र म्हणाला. "पायरीवरून पडलो. उभं राहवत नाही."

योगराज भररस्त्यात उभा राहिला. धर्मेंद्र नाही म्हणजे राघोभाऊ सुटणार नाहीत. राघोभाऊ नाहीत म्हणजे आनंदा पंचात अडकला. आनंदा अडकला म्हणजे लोटूला स्टेशनवर पळावं लागणार. लोटू पळाला की मशिनींवर... त्याने मागे वळून खात्याकडे पाहिलं. त्याच्या आठही मशिनी त्याला हाका मारत होत्या. साखळीचं शेवटचं कडं निसटलं होतं आणि दुसरं टोक त्याच्याच गळ्यात होतं.

त्याने राघोभाऊंना फोन लावला. "भाऊ, तुमची ड्यूटी कुठे आहे हो?" इतक्या दिवसांत हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"अठवा लाइन्सला. तो गाण्याबजावण्याचा हॉल नाही का, तिथे."

योगराज हसला. रडू येण्याच्या आधी येतं तसलं हसू. पास खिशात आणि ज्या हॉलचा पास त्याच हॉलचा वॉचमन.

"मीच येतो तुमच्या बदलीवर," तो म्हणाला.

राघोभाऊ कमरेने दीड योगराज होते. त्यांची पँट योगराजने सुतळीने आवळली, टोपी कानांवर टेकवली आणि शिटी खिशात टाकली. पहारा दाराशीच आहे, दार उघडं असलं की झालं, अशी त्याने मनाची समजूत घातली. सव्वासहाला आनंदाची रिक्षा येऊन थांबली. तिच्यातून सुंदरा उतरली. तिच्यामागून, थोड्या वेळाने, चंचलबाई उतरल्या.

"गाडी लेट," आनंदाने लांबूनच हात जोडले. "लोटूच्या घराला कुलूप, घरचे सगळे सुपारीला. वहिनींना उशीर होत होता, म्हणून दोघींना इकडेच आणलं. सासूबाईंना आता वाल्मिककडे..."

पण चंचलबाई पायऱ्या चढायला लागल्याही होत्या. समोर झेंडूची तोरणं होती, दिव्यांच्या माळा होत्या, दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या पोरी होत्या, रेशमी कपड्यांतली माणसं आत चालली होती.

"खर्चं बराच करेल शे," त्या समाधानाने म्हणाल्या आणि आत गेल्या. आनंदा रिक्षा बाजूला लावून थांबला. सुंदराने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा तो ड्रेस, ती टोपी. तिचे डोळे एकदम भरून आले.

"तुम्ही बाहेरच?"

"दार उघडं असतं ना. ऐकू येईल," योगराज म्हणाला आणि खिशातला पास तिच्या हातात दिला. "तू बस. शेठची खुर्ची खाली दिसायला नको."

साडेसहाला मॅनेजर आला, दोन्ही दारं ओढून घेतली आणि म्हणाला, "काका, बहार ऊभा रहो. कोईने अंदर-बहार जवा ना देता." दारं जाड होती, आतून गादी लावलेली. बंद झाली आणि सगळा आवाज पुसला गेला. योगराजने दाराला कान लावला. डावा लावला, उजवा लावला. त्याला फक्त आपल्याच कानातली गुणगुण ऐकू आली, अकरा वर्षांच्या लूमची. अकरा वर्षांत तो बासरीच्या इतक्या जवळ कधीच आलेला नव्हता आणि मध्ये चार बोटांचं लाकूड होतं.

दहा मिनिटांनी दार उघडलं. एक जाडजूड गृहस्थ बाहेर आले.

"पंडितजी आव्याज नथी!" ते चिडून म्हणाले. "तब्येत खराब. कोई शिष्याने मोकली छे, बदलीमां."

योगराजला त्याचं दुःख व्हायला हवं होतं. पण दार उघडलं तेव्हा त्या फटीतून एक सूर बाहेर आला होता. एकच, बारीकसा. दार मिटलं आणि तो तुटला. योगराज जिथे होता तिथेच थिजून उभा राहिला.

मग आणखी एक जोडपं उठून आलं. त्यांच्याबरोबर तीन-चार सूर आले. मग चौघा मित्रांचा घोळका आला, ते दारातच कुठे जेवायचं यावर वाद घालत थांबले, आणि योगराजला जवळजवळ अर्धा मिनिट बासरी मिळाली. ती हळूच वर चढत होती. मॅनेजरने कोणाला जाऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं, आणि इकडे योगराज प्रत्येकाला दार धरून, कमरेत वाकून निरोप देत होता. कोणी बाहेर पडलं नाही की तो कासावीस व्हायचा. उठा ना कोणीतरी, मनात म्हणायचा. एवढ्या लवकर कसं आवडायला लागलं तुम्हाला?

आणि मग एकदम पंधरा-वीस जण एकत्र उठले. दार सताड उघडलं आणि योगराजला पहिल्यांदा रंगमंच दिसला. अबोली रंगाच्या साडीतली एक मुलगी, पंचविशीची असेल. तिने बासरी ओठांवरून खाली घेतली होती आणि निघून जाणाऱ्या पाठींकडे ती बघत होती. पुन्हा वाजवावं की नाही, असं तिला झालेलं स्पष्ट दिसत होतं.

नव्या खात्यात पहिल्यांदा बदलीवर गेलेला माणूस असाच दिसतो. आठ मशिनी अनोळखी, मास्तर अनोळखी, आणि आजूबाजूचे कारीगर म्हणत असतात, 'हा काय चालवणार?' योगराजने ते सगळं सोसलेलं होतं. तो आत शिरला, पाठीने दार लावून घेतलं आणि ओरडला.

लूमवाल्याचा आवाज काय असतो ते सुरतेबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. शंभर मशिनी चालू असताना पलीकडच्या टोकाला ऐकू जावा म्हणून घडलेला तो आवाज, आणि इथे तर सुई पडली तरी ऐकू येईल असं सभागृह.

"बेसी जाव बधा!"

पहिलं वाक्य गुजरातीत होतं. जे उठले होते ते बसले. जे बसले होते ते आणखी खाली बसले.

"बदलीवाला आया है तो पहले काम देखो उसका, फिर उठो!"

दुसरं हिंदीत. तिसऱ्याला राग अनावर झाला आणि माणूस आपोआप आपल्या भाषेवर आला.

"अहो, बदलीचा माणूस कायमवाल्यापेक्षा जास्त जीव ओततो! त्याला उद्या परत बोलवायचं की नाही, ते आज ठरत असतं! बसा!"

मॅनेजर विंगेत दगडासारखा उभा होता. मुलगी दाराकडे बघत होती. तिने पदर सावरला, डोळे मिटले आणि बासरी पुन्हा उचलली.

पुढचा तास-दीड तास योगराज दाराला टेकून उभा होता. मुलगी आधी खाली, गहिऱ्या सुरांत रेंगाळली. मग हळूहळू वर निघाली. वरचे स्वर जवळ आले तसा योगराज घाबरला. हेच ते, डॉक्टरांनी सांगितलेले. येतील का आपल्यापर्यंत? त्याने श्वास रोखला. आणि ते आले. एकेक करून, स्वच्छ, न तुटता सगळे आले. राघोभाऊंची टोपी हातात घेऊन तो लहान पोरासारखा रडला. ते त्याला कळलंही नाही. आपण सुरतेत आहोत की तापीच्या काठाने कुठे वर, आपल्या गावाकडच्या केळीच्या बागांत पोचलोय, हेही त्याला सांगता आलं नसतं.

मध्येच एकदा, सूर थांबले असताना, चौथ्या रांगेतून चंचलबाईंचा आवाज आला. "पोरगी चांगली शे. पन पोऱ्या कोठे शे? त्याले बठाडा ना जोडे!" शेजारच्यांनी ती दाद समजून माना डोलावल्या. सुंदराने कपाळाला हात लावला. योगराजला काही कळलं नाही, कळून घ्यायचं भानही नव्हतं.

टाळ्या संपता संपेनात. मंडळवाल्यांची मात्र पंचाईत झाली होती. शालीवर पंडितजींचं नाव विणलेलं, मानचिन्हावर पंडितजींचं नाव कोरलेलं. ते मुलीला कसं द्यायचं? शेवटी नुसतं "आभार" म्हणून पडदा ओढला. मुलगी बासऱ्यांची पिशवी खांद्याला लावून एकटीच दारापाशी आली.

"ते ओरडलात ते तुम्हीच ना?" तिने विचारलं. "मराठी ऐकलं आणि जीवात जीव आला. मी नाशिकची. इथे कायम असता का तुम्ही?"

"नाही हो ताई," योगराज लाजून म्हणाला. "मी पण बदलीवरच आहे."

दोघंही हसले. तेवढ्यात मागून सुंदरा धावत आली, आणि तिच्यापुढे, आज पहिल्यांदाच नावाला जागत, चंचलबाई. त्यांनी मुलीला वाटेतच थांबवलं, तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. मग शहाद्याहून आणलेल्या पिशवीतून खण काढला, नारळ काढला, मूठभर गहू काढले आणि मुलीच्या पदरात घातले.

"पोरगी माले पसंत शे," त्या जाहीर करून मोकळ्या झाल्या. "इतला लोकस्मा वाजाडी दखाडं. आखो काय पाहिजे?"

योगराजच्या डोक्यात आत्ता कुठे लख्ख उजेड पडला. सुंदरा सांगायला पुढे झाली, "आत्याबाई, ही ती नव्हे..." आणि थांबली, कारण मुलीने ओटीचा पदर दोन्ही हातांनी गच्च धरला होता. संध्याकाळभर कोणी तिला तिच्या नावाने काही दिलं नव्हतं. ती वाकली आणि चंचलबाईंच्या पाया पडली. तिचे डोळे वाहत होते. योगराजने सुंदराकडे बघून हात आडवा केला. खात्यात मशीन चालू राहू दे, हात लावू नको म्हणून करतात, तसा.

मग त्याने खिशातला फोन काढला. राघोभाऊंचे सतरा फोन येऊन गेले होते. अठरावा त्याच्या हातातच वाजला.

"अरे, आहात कुठे तुम्ही लोक?" राघोभाऊ पंचाच्या आवाजात म्हणाले. "सुपारी केव्हाची फुटली. नवरी पाटावर बसून पेंगायला लागली. थोरल्या आत्याने ओटी भरल्याशिवाय कोणी जेवायला उठत नाहीये!"

"निघालोच भाऊ," योगराज म्हणाला आणि आनंदाच्या रिक्षाकडे पळत सुटला, एका हाताने राघोभाऊंची पँट धरून. वाटेत उधना दरवाजापाशी थांबून एक बदली नारळ घ्यायचा होता.